थांबायचं कोणासाठी?

स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांशी भारतानं मार्च 2024 मध्ये केलेला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून अमलात आला. त्यातल्या एका कलमानं मुंबई-पुण्यातल्या घड्याळशौकिनांचं लक्ष वेधलं. स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्यानं शून्यावर येणार आहे. साहजिकच, चांगलं कमावणाऱ्या, कष्टानं वर आलेल्या आणि एखाद्या स्विस घड्याळावर मनोमन डोळा ठेवून असलेल्या अनेकांपुढे एकच प्रश्न उभा राहिला. आता घ्यावं, की थांबावं?

प्रश्न श्रीमंतांचा वाटतो, पण तो तेवढ्यापुरता नाही. पहिल्या मोठ्या पगारवाढीनंतर, धंद्यात जम बसल्यावर किंवा पन्नाशीच्या उंबरठ्यावर ‘आता स्वतःसाठी काहीतरी’ असं वाटणाऱ्या मध्यमवर्गीय घरांतही तो आज विचारला जातो. स्टीलच्या लोकप्रिय रोलेक्सची किंमत दहा लाखांच्या आगेमागे असते. एवढ्या रकमेत लहान गावात घराची डागडुजी होते, मुलीच्या शिक्षणाची दोन-तीन वर्षं निघतात. म्हणून हा निर्णय चैनीचा असला तरी तो नीट करावा लागतो.

आधी हिशेब. घड्याळांवरचं मूळ सीमाशुल्क 20 टक्के होतं. ते सात वर्षांवर वाटलं, तर वर्षाला तीन टक्क्यांहूनही कमी उतार पडतो. 18 टक्के जीएसटी आहे तसाच राहतो. दुसऱ्या बाजूला मोठ्या कंपन्या अलीकडे जवळपास दरवर्षी किमती वाढवत आल्या आहेत आणि सोनं महागलं की सोन्याची घड्याळं आणखी चढतात. फ्रँकची गोष्ट तर वेगळीच. 2005 च्या सुमारास एका स्विस फ्रँकला 35 रुपयांच्या आसपास मोजावे लागत, 2025 मध्ये हा दर शंभरीच्या पुढे गेला. म्हणजे शुल्कातून वाचलेला पैसा किंमतवाढ आणि विनिमय दर मिळून गिळून टाकू शकतात. 22 एप्रिल 2025 पासून दहा लाखांहून महागड्या मनगटी घड्याळावर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर, घेतो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. त्यामुळे त्याला घाबरून आज घाई करण्याचंही कारण नाही.

थोडक्यात, आकडे या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. थांबल्यानं घबाड मिळणार नाही आणि घाई केल्यानंही नाही. निर्णय दुसऱ्याच कशावर तरी करावा लागेल.

बरेच जण इथे गुंतवणुकीचा आधार घेतात. ‘घड्याळ कुठं जातंय? दहा वर्षांनी दुप्पट होईल.’ या समजुतीची परीक्षा फार दिवसांपूर्वी नाही, 2020 ते 2022 या काळातच झाली. टाळेबंदीत प्रवास, हॉटेलं, समारंभ बंद होते, पैसा हाताशी होता आणि आभासी चलनात अनेकांनी झटपट कमाई केली होती. त्यातला बराच पैसा घड्याळांकडे वळला. पाटेक फिलिप या स्विस कंपनीनं 2021 च्या सुरुवातीला आपलं नॉटिलस 5711 हे स्टीलचं मॉडेल बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि आगीत तेल पडलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टिफनी या दागिन्यांच्या कंपनीच्या खास निळ्या रंगाची तबकडी असलेलं या मॉडेलचं एक घड्याळ न्यूयॉर्कच्या लिलावात 65 लाख डॉलरला गेलं. त्याची दुकानातली किंमत सुमारे 53 हजार डॉलर होती. तो लिलाव एका पर्यावरण संस्थेच्या मदतीसाठी होता, पण बाजारानं त्यातून एवढंच ऐकलं की स्टीलचं घड्याळ आता हिऱ्याच्या भावानं विकलं जातं.

2022 च्या वसंतात हा बाजार शिखरावर पोहोचला आणि मग घसरू लागला. आभासी चलनं कोसळली, व्याजदर वाढले, साठवून ठेवलेली घड्याळं एकदम विक्रीला आली. पुढची दोन वर्षं वापरलेल्या घड्याळांचे भाव उतरतच राहिले. शिखरावर दुप्पट-तिप्पट मोजून घेतलेल्यांच्या हातात घड्याळ उरलं, नफा उरला नाही. त्यातल्या अनेकांनी ते कधी मनगटावर चढवलंही नव्हतं. पारदर्शक आवरण काढलं तर भाव पडेल, या भीतीनं ते कपाटातच राहिलं होतं.

याच्या शेजारी पॉल न्यूमन या अमेरिकी अभिनेत्याच्या घड्याळाची गोष्ट ठेवून पाहावी. त्याच्या पत्नीनं, अभिनेत्री जोन वुडवर्डनं, 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्याला एक रोलेक्स डेटोना भेट दिली. तो मोटार शर्यतींत उतरत असे, म्हणून जपून गाडी चालवण्याची विनवणी तिनं मागच्या बाजूला कोरून घेतली होती. त्या काळी वेगळ्या तबकडीची ही घड्याळं दुकानांत पडून राहत. न्यूमननं ते वर्षानुवर्षं रोज वापरलं आणि 1984 मध्ये मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकलं. 26 ऑक्टोबर 2017 रोजी ते लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दरानं शंभर कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकलं गेलं. घेणारीच्या, वापरणाऱ्याच्या मनात हा भाव कधीच नव्हता. एक बायको नवऱ्याच्या जिवाला जपत होती, एवढंच त्या खरेदीचं कारण होतं. असा चमत्कार लाखांत एखाद्या घड्याळाच्या वाट्याला येतो आणि तो ठरवून आणता येत नाही.

आता थांबण्याकडे वळू. थांबणं हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो. पण घड्याळाच्या बाबतीत थांबण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत झाली की माणूस फसतो.

पहिलं थांबणं दुकानदारासाठी असतं. आपल्या आधीच्या पिढीला याची चांगली ओळख आहे. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून येणारी चेतक स्कूटर मिळवायला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. नंबर लागलेला माणूस ‘ऑन’ म्हणजे वरची रक्कम घेऊन तो दुसऱ्याला विकत असे. परवाना राज्यात किती स्कूटर बनवायच्या हे सरकार ठरवत होतं, त्यामुळे टंचाई होती. स्कूटर ही मात्र गरज होती. तिच्यावर घरातले चौघं बसून देवदर्शनाला जात, दूध-भाजी येई, दवाखाना गाठला जाई. त्या वाट पाहण्यात अपमान असला तरी अर्थ होता.

रोलेक्सचं उत्पादन कुणा सरकारनं अडवलेलं नाही. अंदाज असा आहे की ही कंपनी वर्षाला दहा लाखांहून अधिक घड्याळं बनवते. टंचाई हे आपलं धोरण नाही, दर्जा न घसरवता एवढीच घड्याळं बनवता येतात, असं कंपनी सांगत आली आहे. स्वित्झर्लंडमधल्या ब्युल गावी तिनं नवा कारखाना हाती घेतला असून तो 2029 मध्ये सुरू व्हायचा आहे. कंपनीचा हेतू चांगला धरला, तरी दुकानात जे घडतं ते गिऱ्हाईकाच्या मनाला वाकवणारंच असतं. हवं ते मॉडेल ‘नोंद करून ठेवतो’ या शब्दावर महिनोन्‌महिने लांबतं. काही ब्रँडच्या बाबतीत जगभर अनुभव असा, की आधी तिथूनच नको असलेले दागिने, नको असलेली घड्याळं घेऊन आपण ‘चांगले गिऱ्हाईक’ आहोत हे दाखवावं लागतं. पाच लाखांची वस्तू मिळावी म्हणून माणूस तीन लाखांच्या नको त्या वस्तू घेतो आणि शेवटी फोन आला की कृतज्ञतेनं धावत जातो. स्वतःच्या घामाचा पैसा खर्च करताना कुणाची मर्जी राखावी लागणं हे स्वाभिमानाला धरून नाही. ही वाट पाहणं सोडून द्यावं, यात दुमत असू नये. दुसऱ्या, सहज मिळणाऱ्या घड्याळात तेवढंच कसब सापडतं.

दुसरं थांबणं स्वतःसाठी असतं. पैसे साठेपर्यंत, देणी फिटेपर्यंत आणि इच्छा खरोखर आपली आहे का हे कळेपर्यंत. या थांबण्यात माणूस मोठा होतो.

मराठी घरांत घड्याळ पूर्वी असंच येत असे. मॅट्रिक पास झालेल्या मुलाला, नोकरीला लागलेल्या मुलीला, लग्नात जावयाला, निवृत्तीच्या दिवशी गुरुजींना घड्याळ मिळे. ते बहुधा एचएमटीचं असे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं 1961 मध्ये बंगळूरला हा सरकारी कारखाना सुरू झाला. त्याचं ‘जनता’ हे चावीचं घड्याळ देशभर घराघरांत पोहोचलं. ज्या केंद्र सरकारनं तो कारखाना उभारला, त्याच सरकारच्या मंत्रिमंडळानं जानेवारी 2016 मध्ये घड्याळांचा हा उद्योग बंद करण्याला मंजुरी दिली. पण वडिलांचं एचएमटी आजही रोज सकाळी चावी देऊन चालू ठेवणारी मुलं आहेत. त्या घड्याळाची बाजारातली किंमत हजार-दोन हजार असेल. त्याला आधी एक प्रसंग होता आणि मग वस्तू आली, हा क्रम महत्त्वाचा आहे.

महागडं घड्याळ घेणं मुळातच गैर, असं म्हणणंही अन्यायाचं होईल. वेळ दाखवण्यापुरतं पाहिलं तर पाचशे रुपयांचं सेलचं घड्याळ पुरेसं आहे. त्यातला गारगोटीचा (क्वार्ट्झचा) स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. तासाला 28,800 ठोके देणारं उत्तम यांत्रिक घड्याळही अचूकतेत त्याच्या मागेच राहतं. 1969 च्या नाताळच्या दिवशी जपानच्या सेइको कंपनीनं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत स्विस घड्याळ उद्योगातल्या सुमारे 90 हजार कामगारांपैकी जेमतेम 30 हजार उरले. घड्याळांवर जगणाऱ्या गावांची रया गेली. त्या वाताहतीतून जे कसब टिकलं, ते महागड्या घड्याळांमुळे टिकलं. डोळ्याला भिंग लावून केसापेक्षा बारीक स्प्रिंग बसवणाऱ्या या कारागिरीची युनेस्कोनं 2020 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. पैठणी विणणाऱ्याला त्याच्या श्रमाचं मोल मिळावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वतातल्या घड्याळजीच्या श्रमाला चैन म्हणून हिणवू नये.

गांधीजींनाही घड्याळ प्रिय होतं. कमरेला लटकवलेलं खिशातलं घड्याळ हा त्यांच्या मोजक्या वस्तूंपैकी एक. 1947 मध्ये त्यांचं झेनिथ घड्याळ रेल्वे प्रवासात चोरीला गेलं, तेव्हा ते हळहळले. काही महिन्यांनी चोरानं स्वतः येऊन ते परत केलं. अपरिग्रहाचं व्रत घेतलेला माणूस एका स्विस घड्याळासाठी हळहळतो, यात विसंगती नाही. ते घड्याळ दिवसभर राबत होतं. प्रार्थना, भेटी, सूतकताई, पत्रव्यवहार सगळं त्याच्या काट्यावर चालत होतं. 2009 मध्ये त्यांचं घड्याळ, चष्मा, चपला, ताट आणि वाटी न्यूयॉर्कला लिलावात निघाली आणि 18 लाख डॉलरला विकली गेली. त्या किमतीचा त्या वस्तूंच्या वापराशी काही संबंध नव्हता.

मग कसोटी कोणती? हे घड्याळ कुणालाही कधीच दिसणार नसेल, ते कधीच विकता येणार नसेल, तरी ते हवं आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर इच्छा आपली आहे. ‘नाही’ असेल तर ती मित्रांची, सहकाऱ्यांची किंवा फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या अनोळखी मनगटांची आहे. त्यांची इच्छा आपल्या पैशानं पुरवण्याचं कारण नाही.

याच्याही आधी देण्यांचा हिशेब येतो. क्रेडिट कार्डावरच्या थकबाकीला वर्षाला 36 टक्क्यांच्या वर व्याज पडतं. बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क आणि गमावलेली सूट असतेच. दर पाच-दहा वर्षांनी यांत्रिक घड्याळाच्या सर्व्हिसिंगला काही हजारांपासून लाखाच्या आसपास खर्च येतो, तोही धरायला हवा. कर्ज काढून घेतलेलं घड्याळ हप्ता संपेपर्यंत बँकेचंच असतं. आणि काही देणी कागदावर नसतात. आईवडिलांचा आरोग्य विमा आहे का? धाकट्या भावाकडून कधीतरी घेतलेली रक्कम परत केली का? घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा पगार शेवटचा कधी वाढवला? दहा लाखांचं घड्याळ घेण्याची ऐपत असलेल्या घरात या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘आठवत नाही’ असं असेल, तर घड्याळ थांबू शकतं. त्यांचा पगार थांबू शकत नाही.

ही देणी फिटलेली असतील, पैसे खात्यात साठलेले असतील आणि आयुष्यात खरोखर एखादा प्रसंग आला असेल, तर आयात शुल्काच्या पुढच्या टप्प्याची वाट पाहू नये. ज्या दुकानात घड्याळ आज, अटीशिवाय मिळतं तिथून पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड मागून ते घ्यावं, त्याच दिवशी मनगटावर चढवावं आणि रोज वापरावं. यातलं एक जरी राहिलं असेल, तर अजून एक वर्ष थांबावं आणि सुरुवात मावशींच्या पगारापासून करावी.