मधातला भेद

एकत्व समजावताना उद्दालक आरुणीने आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मधाचा दाखला दिला, तो छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात येतो. मधमाश्या नाना झाडांचे रस आणून एकजीव करतात. मग आपण अमुक झाडाचे, हे त्या रसांना उमगत नाही. जीव सत्‌मध्ये, म्हणजे मूळ अस्तित्वात, मिळतात तेही असेच, नकळत. यावरून एकत्व म्हणजे भेद पुसला जाणे, असा अर्थ सर्रास काढला जातो. मला तो पटत नाही. महाबळेश्वरच्या रानातला जांभूळ, हिरडा आणि कारवीचा मध एकत्र केला तर काय होते ते पाहावे. जिभेवर आधी दाट गोडी पसरते, ती ओसरू लागली की जांभळाचा कडवटपणा घशाशी रेंगाळतो. माशीच्या पोटातल्या विकरांनी साखर फोडली, पंखांच्या वाऱ्याने पाणी उडवले, तरी फुलाचा गंध आणि चव टिकून आहे. रसांचा अभिमान गेला, गुण राहिला. दाखल्यातही हरपते ती फक्त जाणीव.

यावर अद्वैती म्हणेल, चव चाखणाऱ्याला कळते, मधाला नव्हे. म्हणजे भेद पाहणाऱ्याचाच. पण चाखणारा ती चव मनाने रचत नाही. मधातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली धरले तर माश्या कोणत्या फुलांवर गेल्या होत्या ते सांगता येते, तिथे जिभेचा संबंधच नाही. शिवाय उद्दालक लगेच पुढे सांगतो, की वाघ, सिंह, लांडगा, डास जे होते तेच पुन्हा होतात. भेद उरलाच नसेल तर वाघाने वाघच का व्हावे? शंकराचार्यांचे उत्तर असे, की हे जीव न जाणता सत्‌मध्ये गेले, म्हणून वासनांनुसार परततात. ज्ञानी परतत नाही. उत्तर भक्कम आहे, आणि म्हणूनच त्याची किंमत मोजावी लागते. मधाचा दाखला मग अज्ञानावस्थेचा ठरतो, आणि मोक्षात भेद नाहीसा होतो याचा पुरावा म्हणून तो पुढे करता येत नाही. द्वैतवादी मध्वाचार्यांनी याच दाखल्यात रसांचा भेद वाचला, ते मला अधिक जवळचे वाटते. मात्र भेद हाच अखेरचा, इथपर्यंत मी त्यांच्याबरोबर जाणार नाही: एकदा मिसळलेला मध कोणत्याही मधपाळाला पुन्हा तीन बरण्यांत निवडून देता येत नाही.