आवाज बंद करून बघा

निवांत बसा. चवदार तळ्यावरच्या एखाद्या भीमगीताचा व्हिडिओ लावा आणि आवाज पूर्ण बंद करा. आता फक्त बघा.

निळे झेंडे, पायऱ्या उतरणारी माणसं. मग ओंजळ. पाण्यात बुडते, वर येते, बोटांच्या फटींतून गळते. कॅमेरा तिच्यापाशी किती वेळ थांबतो? तेवढा वेळ तुम्हीही थांबा. महाड नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ सालचा. ती ओंजळ मात्र भरली गेली २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतच्या अस्पृश्य मानलेल्या माणसांच्या हातांनी.

आता आवाज सुरू करा आणि डोळे मिटून नुसतं ऐका. चित्र शब्दांचंच रूप दाखवतं, त्यांचा अर्थ वाढवतं, की त्यांच्यापासून फारकत घेतं, हे तपासायला म्युझिक व्हिडिओंचे अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ च्या पुस्तकात शिकवलं. गाण्यात पाणी आलं की पडद्यावर पाणी, हा पहिला प्रकार. गाणं १९२७ वरचं आणि पाणी पिते ती आजची, गणवेशातली मुलगी, हा दुसरा. मला हा दुसरा फार मोलाचा वाटतो.

पुन्हा बघा, या वेळी फक्त बायकांकडे. सिनेमातल्या पुरुषी नजरेवरचा लॉरा मल्वी यांचा निबंध १९७५ चा. त्याच्या ४८ वर्षं आधी, डिसेंबर १९२७ च्या महाडच्या परिषदेत, जात ओळखू येईल असं लुगडं नेसणं आणि तसे दागिने घालणं सोडा, असं बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं. लोकांच्या नजरेत आपण कसं दिसायचं, हे आपणच ठरवायचं. निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेली बाई पडद्यावर आली की हे मनात धरा. ती मान वर करून आपल्याकडे बघते का? तिला चेहरा आहे, की ती गर्दीतच राहते? इथं घाई करू नका.

हाच व्हिडिओ पोलादपूरच्या एसटी स्टँडवर कुणी भरल्या डोळ्यांनी बघतं, कुणी पुढे सरकवतं. बघणारा अर्थ स्वीकारतो, थोडा बदलून घेतो किंवा नाकारतो, असं माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलं. तुम्ही यातलं काय केलंत?

शेवटी, पडद्यावर जे आलंच नाही ते आठवा. तळ्याच्या पाण्यावरच्या हक्काचा दावा कोर्टात चालला. उच्च न्यायालयाचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. व्हिडिओ करणाऱ्या मुलामुलींनो, त्या दहा वर्षांवरही एक गाणं करा.