नकाराची कारणं

मार्च २०१४ मध्ये कानपूरला तेव्हाचे हवाईदल प्रमुख अरूप राहा म्हणाले, की बराच वेळ लढाऊ विमान उडवणं बायकांच्या शरीराला मुळातच झेपणारं नाही, गरोदरपणात तर नाहीच. ऑक्टोबर २०१५ मध्ये, हवाईदल दिनी, त्याच राहांनी महिलांना लढाऊ विमानांवर घेण्याचा बेत जाहीर केला. मधल्या दीड वर्षात बायकांच्या शरीरात काही फेरफार झाल्याचं ऐकिवात नाही.

एकट्या राहांना बोल लावण्यात अर्थ नाही. शरीराचं कारण खरं तर १९४३ मध्येच निकालात निघायला हवं होतं. जर्मन फौजा मॉस्कोच्या रोखाने येत असताना, १९४१ च्या ऑक्टोबरात, वैमानिक मरीना रास्कोवाच्या पाठपुराव्याने सोव्हिएत संघाने स्त्री वैमानिकांच्या तीन रेजिमेंट उभ्या केल्या. त्यांतली ५८६ वी लढाऊ विमानांची. तिथून पुरुषांच्या तुकडीत गेलेल्या लिदिया लित्व्याकने स्टालिनग्राडच्या आकाशात जर्मन विमानं पाडली. ऑगस्ट १९४३ मध्ये ती मोहिमेवरून परतली नाही, तेव्हा एकवीस वर्षांची होती. युद्ध संपल्यावर या रेजिमेंट मोडल्या. पुरावा होता, गरज उरली नव्हती.

गरज नेहमी सैनिकांचीच असते असंही नाही, कधी ती प्रतिमेची असते. अतातुर्कची मानसकन्या साबिहा ग्योकचेन ही नव्या तुर्कस्तानची अशीच प्रतिमा. १९३७ मध्ये तिने देर्सिमच्या कुर्दी बंडाविरुद्धच्या कारवाईत विमानातून बाँब टाकले. लढाऊ वैमानिक म्हणून तिच्या पहिलेपणाचं कौतुक करताना ते बाँब कुणाच्या घरांवर पडले, हे मात्र आपण सहसा विचारत नाही.

पुढे कारण बदललं: बाई शत्रूच्या हाती लागली तर? १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या मेजर रोंडा कॉर्नम इराकच्या कैदेत होत्या. तिथे त्यांच्यावर लैंगिक अत्याचारही झाला. सुटून आल्यावर त्यांचं म्हणणं असं, की हा युद्धातल्या अनेक धोक्यांपैकी एक आहे, बायकांना मागे ठेवण्याचं कारण नव्हे. १९९३ मध्ये अमेरिकेने महिलांना लढाऊ विमान उडवण्यावरची बंदी उठवली. आपल्याकडे १९९९ मध्ये गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन कारगिलच्या डोंगरांत चीता हेलिकॉप्टर उडवत होत्या. ते पाडलं गेलं असतं तर कैद काही वेगळी नसती. तरीही लढाऊ विमानाचं दार आणखी सोळा वर्षं बंद राहिलं.

शेवटी उरलं ते हिशेबाचं कारण. लढाऊ वैमानिक घडवायला कोट्यवधी रुपये आणि काही वर्षं लागतात, मग बाळंतपणाचा खंड कसा परवडणार? २०१६ च्या जूनमध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग दुंडिगलच्या हवाईदल अकादमीत लढाऊ वैमानिक म्हणून कमिशन झाल्या. त्याआधीच चार वर्षं मातृत्व लांबणीवर टाकण्याचा सल्ला त्यांना मिळाला होता. तो नियम नव्हता, आणि मला तो खटकतोच. तरी ‘जमणारच नाही’पासून ‘मूल केव्हा’पर्यंत हरकत किती आक्रसली, हेही त्यातच दिसतं. २०१५ ची परवानगी ‘प्रायोगिक’ होती. ती कायम झाली २०२२ मध्ये.