गप्प बसण्याचा हक्क

माझ्या गेममधला मुलगा अनवाणी आहे. उन्हाळ्याची वेळ, डांबरी गल्ली, पायाला चटके. त्यामुळे तो फक्त सावलीतूनच चालू शकतो. गल्लीत काही हातगाड्या उभ्या आहेत आणि त्या ढकलता येतात. मुलाची एक चाल झाली की सूर्यही थोडा सरकतो. सकाळी सावल्या पश्चिमेला पडतात, भर दुपारी नाहीशा होतात आणि ऊन कललं की पूर्वेला पडायला लागतात. मुलाला पाण्याच्या नळापर्यंत पोचवायचं, एवढाच गेम.

दिवसा मी पुण्यातल्या एका कंपनीत कोड लिहितो. हा गेम गेली दोन वर्षं रात्री नऊनंतर आणि शनिवार-रविवारी बनतोय. अजून रिलीज झालेला नाही. पण हल्ली गेम रिलीज होण्याच्या खूप आधीपासून लोकांना दाखवत राहावा लागतो. स्टीमवर पेज टाका, ट्रेलर काढा, डेमो द्या, लोकांना विशलिस्ट करायला सांगा, प्रदर्शनात टेबल घ्या. हे सगळं करताना मला एका प्रश्नाने गाठलं. अडकलेल्या माणसाला उत्तर सांगावं का?

प्रश्न नऊ नंबरच्या लेव्हलमुळे आला. तिथे नळ गाडीच्या पूर्वेला आहे आणि वेळ सकाळची, म्हणजे सावली नेमकी उलट बाजूला. खेळणारे गाडी इकडे ढकलतात, तिकडे ढकलतात, वैतागतात. उत्तर असं आहे की गाडीला हातच लावायचा नाही. वळचणीखाली उभं राहून स्पेसबार दाबत वेळ जाऊ द्यायची. दुपार कलली की सावली आपोआप नळाकडे सरकते. काहीच न करणं हीसुद्धा एक चाल आहे, हे कळणं म्हणजेच ती लेव्हल.

माझा रूममेट या लेव्हलवर चार दिवस अडकला होता. त्याने मला शिव्या घातल्या, गेम बगवाला आहे म्हणाला, मी काही बोललो नाही. पाचव्या दिवशी रात्री एक वाजता त्याने दार बडवलं. "झोपलास का? अरे, थांबायचंय फक्त!" त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी त्याला दिला नव्हता. मी फक्त त्याच्या आड आलो नव्हतो.

मग गेल्या वर्षी एका प्रदर्शनात टेबल मिळालं. एक लॅपटॉप, मागे स्वतः छापून आणलेलं पोस्टर आणि समोर रांग. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी बाबांबरोबर आली. आठ लेव्हल तिने भराभर सोडवल्या आणि नवव्या लेव्हलला थांबली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागचे लोक चुळबुळ करायला लागले, बाबांनी घड्याळ पाहिलं. तिने कीबोर्डवरून हात काढले आणि नुसती स्क्रीनकडे बघत बसली. मला वाटलं, कंटाळली, आता उठणार. मी पुढे वाकलो आणि स्पेसबार चार-पाच वेळा दाबला. सावली सरकली.

"दादा, मी तेच करणार होते," ती म्हणाली. मुलाला नळापाशी नेऊन ती उठली, थँक्यू म्हणाली आणि गेली.

ती खरंच तेच करणार होती का? हे आता कधीच कळणार नाही, तिलाही नाही. मी तिला उत्तर दिलं असं दिसलं, पण खरं तर माझ्याकडे द्यायला जी एकच गोष्ट होती ती मी काढून घेतली. एकदा ऐकलेलं उत्तर न ऐकलेलं करता येत नाही. माझ्या गेममध्ये प्रत्येक चालीला अन्‌डू आहे, या चालीला नव्हता.

कोड्याच्या गेमची ही जुनीच अडचण आहे. रेसिंगचा गेम दाखवला म्हणून संपत नाही. कोडं सुटताना दाखवलं की ते बघणाऱ्यापुरतं संपतं. आणि ट्रेलरमध्ये तर सगळ्यात सुंदर कोडंच दाखवावंसं वाटतं! अर्वी तेइकारी या फिनिश डेव्हलपरने 'बाबा इज यू' २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये बनवला आणि पूर्ण गेम २०१९ मध्ये आणला. त्यात गेमचे नियमच शब्दांचे ठोकळे होऊन पटावर पडलेले असतात. एक शब्द ढकलला की नियम बदलतो. तिथे एक नियम बदलताना दाखवला तरी बघणारा चकित होतो आणि पुढची शेकडो कोडी शाबूत राहतात. जोनाथन ब्लोने २००८ मध्ये 'ब्रेड' काढला, तेव्हा त्याने स्वतःच एक अधिकृत वॉकथ्रू लिहिला होता. त्यात उत्तरं नव्हतीच. कोडी स्वतः सोडवा, असंच त्यात सांगितलं होतं.

हे वाचून पूर्वी मला भारी वाटायचं. मग एक शंका यायला लागली. हा माज तर नाही? दिवसभर राबून आलेल्या माणसाला अडकवायचं, त्याला मूर्ख वाटू द्यायचं आणि वर म्हणायचं, मी तुझ्या बुद्धीचा आदर करतो!

असं गप्प बसणं मी कॉलेजात सोसलंय. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी एक सर फळ्यावर अर्धं गणित सोडवायचे आणि म्हणायचे, "पुढचं सोपं आहे, तुमचं तुम्ही करा." पुढचं सोपं नसायचं. पुढे जायला जे लागतं ते त्यांनी शिकवलेलंच नसायचं. मग आम्ही सोडवलेल्या पेपरांचे संच आणायचो आणि उत्तरं पाठ करायचो. कितीतरी उत्तरं मला अशी येतात, ज्यांचे प्रश्न मला कधी पडलेच नव्हते. सरांच्या गप्प बसण्यात माझ्याबद्दल आदर नव्हता. मी सोडवतो की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

मग त्यांचं गप्प बसणं आणि रूममेटसमोर माझं गप्प बसणं, यात फरक काय? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. बराच विचार करून मला एवढंच सापडलं, की गप्प बसण्याचा हक्क आधी कमवावा लागतो. उत्तर आहे याची मी खात्री केलेली असली पाहिजे. त्यासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट समोरच्याला आधी दिलेली असली पाहिजे. चुकण्याची किंमत शून्य असली पाहिजे. आणि तो झगडत असताना मी तिथे असलं पाहिजे, लक्ष देऊन. यातलं काही राहिलं असेल, तर माझं गप्प बसणं म्हणजे नुसता छळ आहे.

या कसोटीवर मी माझीच नववी लेव्हल तपासली आणि खजील झालो. स्पेसबारने थांबता येतं, हे मी पहिल्या लेव्हलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं. ते कोणी वाचत नव्हतं. पुढच्या सात लेव्हलमध्ये त्याची गरजही पडत नव्हती. म्हणजे रूममेटचे चार दिवस सगळे कोड्याचे नव्हते, काही माझ्या आळसाचे होते. सरांसारखाच मीही अर्धं गणित फळ्यावर सोडून निघून गेलो होतो.

प्रदर्शनानंतर मी आधी सोपा रस्ता धरला होता. डेमोत एक बाण टाकला. खेळणारा थोडा वेळ अडकला की तो स्पेसबारच्या चित्रावर चमकायचा. लगेच सगळे शेवटपर्यंत जायला लागले, "क्यूट आहे" म्हणायला लागले, विशलिस्ट वाढली. पण रात्री एक वाजता दार बडवणारा कोणी भेटेना. आणि डेमो खोटा झाला होता. बाण बघून गेम विकत घेणाऱ्याला आत वेगळाच, अवघड गेम मिळणार होता. मदतीच्या नावाखाली मी माझी भीती झाकत होतो. त्या मुलीच्या वेळीही तेच झालं होतं. अस्वस्थ ती नव्हती, मी होतो.

आता बाण काढलाय. त्याऐवजी आठवी लेव्हल नवी केली. त्यात मुलगा एकाच सावलीच्या चौकोनात उभा आहे, चारी बाजूंना ऊन, ढकलायला काही नाही. थांबण्यावाचून दुसरं काही करताच येत नाही. तिथे थांबायला शिकलेला माणूस नवव्या लेव्हलला येतो तेव्हा त्याच्याकडे सगळं असतं. तरी बरेच जण अडकतात, कारण हातात गाडी आली की थांबणं सुचत नाही. तेवढं अडकणं मी ठेवलंय. डेमो तिथेच संपतो.

याची किंमत आहे. स्टीमच्या नेक्स्ट फेस्टमध्ये एका गेमला एकदाच भाग घेता येतो आणि मी तिथे हाच डेमो देणार आहे. काही जण नवव्या लेव्हलला बंद करतील आणि परत येणार नाहीत.

परवा ऑफिसातल्या एका सिनिअरला डेमो खेळायला दिला. तेही नवव्याला अडकले. मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो. वीसेक मिनिटांनी त्यांना मीटिंगचा कॉल आला. "उत्तर सांगू नकोस हां," म्हणून ते उठून गेले. त्यानंतर त्यांनी विषय काढलेला नाही. कदाचित डोक्यात घोळत असेल, कदाचित विसरलेही असतील. मी विचारलेलं नाही.