दहा गाण्यांची यादी

खोटं बोलू नये हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. पण आवडीच्या बाबतीत खोटं बोलणं हे खोटं बोलण्यात जमा धरायचं की नाही, ते मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. पानात कारल्याची भाजी पडल्यावर 'वा, झकास झालीय' म्हणणारा जावई खोटारडा, की सुसंस्कृत? हा प्रश्न मला अलीकडे छळू लागला, त्याला कारण आमच्या सोसायटीची स्मरणिका. संपादक मंडळानं, म्हणजे तळमजल्यावरच्या दोन उत्साही वहिनींनी, फर्मान काढलं की प्रत्येकानं यंदा ऐकलेल्यांपैकी आपली आवडती दहा गाणी लिहून द्यावीत. शास्त्रीय, नाटकातली, सिनेमातली, इंग्रजी, काहीही चालेल.

'काहीही चालेल' हे मोठं फसवं वाक्य आहे. 'चहा की कॉफी?' विचारल्यावर पाहुणे म्हणतात ना, तसलं.

कागद पुढे ओढला आणि हात आपोआप चालू लागला. मल्लिकार्जुन मन्सूरांचा एक राग, कुमारांचं एक निर्गुणी भजन, 'मानापमाना'तलं एक पद, बेगम अख्तरची एक गझल, बीथोवेनची पाचवी सिंफनी. (ही पाचवी मी पहिल्या चार सुरांपर्यंत फार आवडीनं ऐकतो.) यादी पुन्हा वाचली, तर ती कुणा पांढरी शाल पांघरलेल्या, मितभाषी, व्यासंगी गृहस्थाची वाटली. या गृहस्थांची नि माझी ओळख नाही, पण भेटायला आवडेल.

दुसरी यादी फोननं दिली. हल्ली फोनवर गाणी ऐकवणारे लोक वर्ष सरताना आपण होऊन हिशेब पाठवतात. स्पॉटिफायवाल्यांचा हा उद्योग तर २०१६ पासून दणक्यात चालू आहे. भांडीवालीला जशी घरातली सगळी भांडणं ठाऊक असतात, तसं फोनला आपण काय ऐकलं ते ठाऊक असतं. माझ्या फोनच्या मते माझं या वर्षीचं सर्वांत लाडकं गाणं 'नाच रे मोरा'. गाणं उत्तमच. १९५३ च्या 'देवबाप्पा'साठी माडगूळकरांनी लिहिलेलं, पुलंनी चाल लावलेली, आशाबाईंचा आवाज. कुणाची टाप आहे नावं ठेवायची? पण ते वर्षभर वाजलं ते नातीनं वरणभात गिळावा म्हणून. दर घासाला एकदा. फोनच्या हिशेबी मी तीन वर्षांचा आहे.

शिवाय तीस सेकंद वाजलं की गाणं 'ऐकलं' असं हे लोक धरतात. तीस सेकंदांत आमच्या बुवांचा षड्जाला नमस्कारसुद्धा पुरा होत नाही. आणि पाऊण तासाचा पूरिया नि चार मिनिटांचं 'झिंगाट', दोघांना मार्क एकेकच! तेव्हा शालवाले गृहस्थ खोटे म्हणून फोन खरा, असंही म्हणता येत नाही.

पूर्वी मोजायला निदान माणूस होता. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठला अमीन सायानी एकेका गाण्याला एकेका पायदानावर चढवू लागले. दुकानांतला रेकॉर्डचा खप पाहायचा, श्रोता संघांचा कौल घ्यायचा, आणि वर्षअखेर सगळ्यांची मिळून यादी. १९७५ च्या यादीत पहिलं कोण आलं असेल? 'रोटी कपडा और मकान'मधलं महागाईचं गाणं! त्या वर्षी कुणाच्याही दिवाणखान्यात जाऊन 'तुमचं आवडतं गाणं कुठलं?' असं विचारलं असतं, तर एका तरी मध्यमवर्गीयानं हे नाव सांगितलं असतं का? शक्यच नाही. लतादीदी, तलत, फार तर एखादी ठुमरी. रेकॉर्ड मात्र तीच खपली.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे पृथ्वीची यादी. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर एक सोनेरी तबकडी पाठवली, कधी परग्रहावरचं कुणी भेटलंच तर ऐकवायला. सत्तावीस रचना. त्यात एकटा बाख तीनदा आहे, आणि आपल्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. (गोव्यातलं केरी ते सूर्यमालेच्या पलीकडे, हा प्रवास नुसता आठवला तरी छाती भरून येते.) चक बेरीचं रॉक अँड रोल घ्यावं की नाही यावर तिथेही वाद झाला होता. म्हणजे पाहुणे परग्रहावरचे असले तरी बाहेर काढायच्या कपबशांवरून घरात वाद हा ठरलेलाच. या निवड समितीला मात्र कुणी खोटारडं म्हटलेलं नाही. आलेल्या पाहुण्याला चांगल्या कपातच चहा द्यायचा असतो.

शालवाल्या गृहस्थांच्या बाजूनं आणखीही एक मुद्दा आहे. सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र रात्र चालायचा. तिथे शाली, थर्मास आणि मोठ्यानं दिलेली दाद घेऊन येणाऱ्यांत नुसतं दिसायला आलेले पुष्कळ असत. पण दहा वर्षं दिसायला जाणारा माणूस अकराव्या वर्षी पहाटे चुकून ऐकतो, आणि कायमचा फसतो. असे फसलेले दोघेतिघे माझ्या मित्रांतच आहेत. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. आवडीचं सोंग येतं, आणि कधी कधी ते उतरवायला जावं तर अंगाला चिकटलेलं असतं. अशा सोंगाला खोटं कसं म्हणायचं? फार तर उधारी म्हणू.

मग माझं घोडं पेंड खातं कुठे? मला वाटतं, कृतज्ञतेपाशी. वर्षभर आपलं रहाटगाडगं ज्या गाण्यांनी ओढलं, त्यांचं नाव चारचौघांत घ्यायची आपल्याला लाज वाटते. रोज चुलीवर चढतं ते चेपलेलं पातेलं, आणि नाव विचारलं की आपण शोकेसमधला चांदीचा पेला दाखवतो. पेलाही आपलाच असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पातेल्याला काय वाटत असेल, एवढंच.

यंदा जुलैत माझ्या थोरल्या भावाचं हृदयाचं ऑपरेशन झालं. (आता ठणठणीत आहे आणि पथ्यं मोडतो आहे.) त्या रात्री बाहेरच्या बाकावर मी एकटाच होतो. खिशातल्या फोनमध्ये मन्सूर होते, कुमार होते. दोघांनाही लावून पाहिलं. पण त्या बाकावर त्यांना बसायला जागाच होईना. बंद करून ठेवलं. पहाटेच्या सुमाराला फरशी पुसणारी मावशी आली. ती काहीतरी गुणगुणत होती. शब्द नव्हते, मुखड्याच्या दोन ओळींएवढीच चाल, पुन्हा पुन्हा, पोछ्याच्या लयीत. समेवर बादलीत पिळायचं. लांबलचक होता तो कॉरिडॉर. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली नि परत आली, तोवर माझा श्वास कधी तिच्या लयीला लागला, मला कळलं नाही. ऑपरेशनचा दरवाजा तेवढा वेळ मी विसरलो होतो.

'बाबा, पाय वर घ्या,' ती म्हणाली. मी घेतले, आणि विचारलं, 'मावशी, हे कुठलं गाणं?'

'कुठलं गाणं?' ती म्हणाली, 'मी कुठं गात होते?' आणि बादली उचलून पुढच्या बाकाकडे गेली.