टँकलाच द्यायचं होतं, तर आधी का नाही सांगितलंस?

बस. हेडफोन गळ्यात नकोत, टेबलावर ठेव. आणि ‘बाई, पण’ने सुरू होणारं एकही वाक्य आत्ता नको. आठवीत गणित चुकलं की तू असंच करायचास. तेव्हा फक्त तुझे मार्क जायचे. काल रात्री तू चाळीस माणसांचं गणित चुकवलंस.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या आपल्या गिल्डमध्ये मी प्रीस्ट. मागे उभी राहून तुम्हाला हील करत असते, म्हणून मला चॅट दिसत नाही असा तुम्हा ऑफिसरांचा समज आहे. सगळं दिसतं. मोल्टन कोअरमध्ये गार हा बॉस पडला, त्याच्या अंगातून थंडरफ्युरी तलवारीसाठी लागणारी विंडसीकरची बाइंडिंग निघाली. आपल्या शीटप्रमाणे बोली सुरू झाली. रोग खेळणाऱ्या एका मुलाने ७८० पॉइंट लावले, त्याच्यावर कोणी गेलं नाही. आणि मग तू रेड चॅटमध्ये लिहिलंस, ‘बाइंडिंगचं काउन्सिल ठरवेल.’ कुठलं काउन्सिल? कधी नेमलं? दोन मिनिटांत बाइंडिंग टँकच्या पिशवीत. टँक तुझा रूममेट. त्याचा एक पॉइंटही कापला नाहीस. लोक गप्प बसले, कारण बॅरन गेडनपासून रॅग्नरॉसपर्यंत सगळे बॉस अजून मारायचे होते. तुला वाटलं, सगळ्यांना पटलं!

आता पुढचं नीट ऐक, कारण ते ऐकायची तुझी तयारी नाही. बाइंडिंग टँकलाच जायला हवी होती. थंडरफ्युरी हातात आली की शत्रूचे वार मंदावतात, विजेचा झटका आजूबाजूच्यांनाही बसतो, आणि बॉसचं लक्ष टँकवर खिळून राहतं. त्याचा फायदा सगळ्या रेडला. रोगच्या हातात तीच तलवार त्याच्या एकट्याच्या डॅमेजपुरती. शिवाय एक बाइंडिंग गारकडून, दुसरी गेडनकडून, वर एलेमेंटियमच्या दहा कांड्या आणि रॅग्नरॉसचं एसेन्स. एका तलवारीसाठी महिनोन्‌महिने जातात. काही गिल्डांना दुसरी बाइंडिंग दिसतच नाही. म्हणून जो दर आठवड्याला येतो आणि पुढेही येणार आहे, अशा मुख्य टँकच्या नावावर ती आधीपासून राखून ठेवणं हेच शहाणपण.

उत्तर बरोबर. मार्क शून्य. कारण पायऱ्या नाहीत.

गारकडे काय असतं हे तुला काल रात्री कळलं का? २०१९ मध्ये क्लासिक म्हणून हा खेळ परत आला, तेव्हा कुठला बॉस काय टाकतो हे लोकांना तोंडपाठ होतं. पहिल्या खेपेला, २००४-०५ मध्ये, पोरं आंधळ्यासारखी आत शिरत होती. त्यांनी ऐन वेळी नियम बदलला असता तर मी कानाडोळा केला असता. तुला सगळं माहीत होतं. पहिल्या रेडच्या आधी शीटच्या डोक्यावर एक ओळ टाकली असतीस, ‘बाइंडिंगवर बोली नाही, ती मुख्य टँकची’, तर त्या रोगने मान हलवली असती आणि आपला खंजीर पाहत बसला असता. तेव्हा लिहिलं नाहीस. लूट डोळ्यांना दिसल्यावर नियम सुचला. वरातीमागून घोडं, आणि त्यावर बसवलंस कोणाला, तर आपल्याच खोलीतल्या पोराला.

आणि तो रोग कोण आहे हे तरी माहीत आहे का तुला? पुण्याचा आहे. आपण युरोपच्या सर्व्हरवर खेळतो. तिथले रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले साडेबारा. हा मुलगा दिवसाची नोकरी सांभाळून मध्यरात्री हजर असतो. ते ७८० पॉइंट म्हणजे त्याची झोप आहे.

मुळात हे पॉइंट आले कुठून, विचार कधी केलास? १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट आलं. त्यात नागाफेन आणि व्हॉक्स असे दोन ड्रॅगन होते. मारायला माणसं ढीगभर लागत, मिळायच्या वस्तू मूठभर. त्या वेळच्या आफ्टरलाइफ नावाच्या गिल्डमध्ये थॉट या टोपणनावाच्या खेळाडूने हिशेब बसवला: आलास, लढलास, पॉइंट मिळाले, वस्तू घेतलीस, पॉइंट गेले. ड्रॅगन किल पॉइंट्स, आपलं डीकेपी. खेळाच्या कंपनीने हे दिलं नव्हतं, खेळणाऱ्यांनी स्वतः घडवलं. त्यामागचा विचार हा, की आज हात हलवत परत जाणाऱ्या माणसाला पुढच्या आठवड्यात परत यायला काहीतरी कारण हवं. पॉइंट ही त्याच्या हातातली हुंडी. ती तू काल भर चॅटमध्ये फाडलीस. मग पुढच्या बुधवारी माणसं आली नाहीत की ‘लोकांना कमिटमेंट नाही’ म्हणून डिस्कॉर्डवर गळा काढायचा नाही.

आता तुझा नवा बेत. डीकेपी मोडीत, ईपीजीपी आणायचं. का, तर ‘सिस्टीमच चुकीची होती’. सिस्टीमने काय केलं रे बिचारीने?

बरं, आण. पण कागदावर काय लिहून आणलंस ते बघ. ईपी म्हणजे केलेली मेहनत, जीपी म्हणजे घेतलेला माल. ईपी भागिले जीपी, ज्याचा भागाकार मोठा त्याला वस्तू. इथवर ठीक. जुन्या खेळाडूचे ईपी १२००, जीपी ४००. भागाकार ३. मागच्या महिन्यात आलेल्याचे ईपी ३००, एकच फुटकळ अंगठी घेतली म्हणून जीपी ५०. भागाकार ६. म्हणजे चौपट मेहनत केलेला मागे आणि कालचा पोर पुढे. हे दिसलं नाही? म्हणून तर प्रत्येकाच्या जीपीत एक पायाभूत आकडा मिळवायचा असतो. २०० मिळव. पहिल्याचा भागाकार २, दुसऱ्याचा १.२. रांग सरळ झाली. पायाचा आकडा फार मोठा धरलास तर घेतलेल्या मालाला किंमतच उरत नाही, फार लहान धरलास तर नवा माणूस डोक्यावर बसतो. तो आकडा विचार करून ठरवायचा असतो. तू तो रकानाच गाळलास.

आणि दर आठवड्याची दहा टक्के घट तू फक्त ईपीला लावली आहेस. जीपी तसेच. म्हणजे मेहनत विसरायची आणि घेतलेला माल जन्मभर लक्षात ठेवायचा? दोन्ही एकाच प्रमाणात घटव. मग जुन्यांचा साठाही कमी होतो आणि जुनी उधारीही. आत्ताच्या डीकेपीत घट मुळीच नाही, म्हणून तुम्ही तिघे ऑफिसर हजारांच्या राशीवर बसून आहात आणि नवा हीलर सहा महिने आला तरी तुमच्या बोलीवर जाऊ शकत नाही. आपले तीन मेज काय करतात तेही मला ठाऊक आहे. आपसांत आधीच ठरवतात, एकमेकांवर बोली लावायची नाही, आणि प्रत्येक झगा किमान बोलीत उचलतात. तू त्यांना कधी हटकलंस? नाही. हटकलं की मैत्री बिघडते.

‘मग सरळ रोल करू, नशिबावर’ असं काल कोणीतरी म्हणालं. करा. सहा मेज आहेत असं धर आणि प्रत्येक वेळी सहाही जण रोल करतात. दहा वेळा रोल करून एकदाही न जिंकण्याची शक्यता पाच-षष्ठांशाचा दहावा घात, म्हणजे साधारण सोळा टक्के. सहा जणांत सरासरी एक जण दहा वस्तू डोळ्यांसमोरून जाताना बघतो आणि कोरडा राहतो. त्या एकाला नशिबाचं तत्त्वज्ञान तू समजावणार आहेस का? दोन तासांच्या अनोळखी ग्रुपला रोल चालतो. वर्षभर एकत्र राहणाऱ्या गिल्डला नाही.

सुइसाइड किंग्स निदान समजायला सोपं आहे, भिशीसारखं: यादीत वरचा घेतो आणि तळाला जातो. पण छोट्या वस्तूसाठी नंबर कोण घालवणार? सगळे थांबून राहतात आणि चांगला माल मोडीत जातो.

सोन्याच्या लिलावाचं, त्या जीडीकेपीचं, नावही माझ्यासमोर काढू नकोस. गोळा झालेलं सोनं शेवटी सगळ्यांत वाटतात हे ऐकायला गोड आहे. सोनं कुठून येतं? खरे पैसे टाकून विकत घेतलेलं सोनं त्या बोलीत सर्रास मिसळतं. २०२४ मध्ये या खेळाच्या कंपनीने, ब्लिझार्डने, सीझन ऑफ डिस्कव्हरीत जीडीकेपीवर बंदी घातली, ती उगाच नाही.

आणि काउन्सिल. मला काउन्सिल आवडतं, हे ऐकून तुझा चेहरा खुलला, तो जरा आवर. पाच डोकी एकत्र बसून कोणाला वस्तू दिल्याने रेड पुढे जाईल हे ठरवतात, त्यात गैर काही नाही. पण काउन्सिलची माणसं आधी जाहीर असावी लागतात. आपल्या किंवा आपल्या रूममेटच्या वस्तूची चर्चा असेल तर त्या माणसाने व्हॉइस चॅनेलमधून बाहेर जायचं. आणि नकार मिळालेल्याला कारण ऐकवायचं, त्याच्याच तोंडावर. हे तिसरं तुला जमत नाही. म्हणून कधी शीटच्या मागे लपतोस, कधी काउन्सिलच्या. असंच वागून वागून गिल्डमास्तरांनी २०१८ ओढवून घेतलं. बॅटल फॉर ॲझरॉथमध्ये कंपनीने मास्टर लूट, म्हणजे म्होरक्याच्या हातून वाटप, हेच काढून टाकलं, ज्याचं त्याला परस्पर. मग आपल्याला नको असलेली वस्तूसुद्धा कित्येकदा शेजाऱ्याला देता येत नाही म्हणून हेच लोक रडले. रेडमध्ये ग्रुप लूट परत यायला २०२२ चं ड्रॅगनफ्लाइट उजाडलं.

आता लिहून घे. बाइंडिंग टँकच्या अंगाला बांधली गेली, ती परत निघणार नाही. पण किंमत निघेल. टँकच्या खात्यातून ७८० कापायचे आणि उरलेल्या एकोणचाळीस जणांना प्रत्येकी २० द्यायचे. रूममेट उणे खात्यात गेला तर जाऊ दे, पुढचा महिनाभर त्याला काही नको आहे. ईपीजीपी आणायचं तर रविवारपर्यंत दोन्ही रकान्यांची घट आणि पायाभूत जीपी भरून शीट सगळ्यांना दाखव. राखीव वस्तू कोणत्या, काउन्सिलवर कोण, हे त्याच पानावर. हरकती मंगळवारी रात्रीपर्यंत. बुधवारी रीसेट झाल्यावर त्यात एक अक्षर बदलायचं नाही, अगदी आपण सगळे चुकलो असं दिसलं तरी पुढच्या रीसेटपर्यंत नाही.

आणि पुण्याला फोन लाव. मेसेज नाही, फोन. आत्ता नको, तो कामावर असेल. सहानंतर.