गौतमाचा खड्डा

त्र्यंबकेश्वरची कथा सुरू होते दुष्काळापासून. शिवपुराणात गौतम ऋषी वरुणाची आराधना करतात. वरुण पाऊस देत नाही. खड्डा खणायला सांगतो आणि तो अक्षय पाण्याने भरतो. त्या पाण्यावर भात पिकतो, भुकेलेले ऋषी आश्रयाला येतात. पुढे गोहत्येचा आळ, तप, ब्रह्मगिरीवर उतरलेली गोदावरी. पण ती एका जागी ठरेना, इथे दिसे, तिथे गुप्त होई. शेवटी गौतमांनी कुश गवत आडवे घालून तिला अडवले. तेच कुशावर्त कुंड.

चमत्कार बाजूला ठेवला तर या कथेत खणणे उरते आणि अडवणे उरते.

आजही त्र्यंबकची अडचण तीच आहे. इथे वर्षाला 2000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण खाली काळा कातळ, वर तीव्र उतार. पाणी मुरायला सवड मिळत नाही. पूर्वेकडे वळले ते गोदावरीतून 1465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेकडे वळले ते वैतरणेत जाते आणि तिच्यावरच्या धरणांतून मुंबईच्या नळांना येते. डोंगरावरच्या पाड्यांत मात्र उन्हाळा आला की बायका विहिरीच्या तळाशी उतरतात, झिरपलेले पाणी वाटीने हंड्यात भरतात. गंगा मानलेल्या गोदेच्या माहेरी ही तहान आहे.

खुद्द गावाचे ओझे वेगळे. 2011 च्या जनगणनेत नगरपरिषदेची वस्ती सुमारे 12 हजार होती. श्रावणी सोमवारी, निवृत्तिनाथांच्या पौषातल्या यात्रेला, सिंहस्थात येणाऱ्या लोकांपुढे हा आकडा काहीच नाही. पाणी लागते सगळ्यांना, सांडपाणी होते सगळ्यांचे, आणि ते सोसण्याची व्यवस्था मात्र छोट्या गावाची. त्यात भर म्हणून गावातला गोदेचा प्रवाह स्लॅबखाली गेला. त्यावरून प्रकरण हरित लवादापर्यंत पोहोचले.

इथे प्रश्न केवळ नगरपरिषदेचा राहत नाही, धर्माचा होतो. जे पवित्र आहे ते घाण होऊ शकते का? भाविक सांगतो, गंगा कशानेही विटाळत नाही. ही श्रद्धा खोटी म्हणायचे कारण नाही. पापाच्या ओझ्याने वाकलेल्या माणसाला तिने मोठा धीर दिला आहे. पण ती नदीच्या पदरात काय टाकते, हेही पाहायला हवे. जी विटाळतच नाही तिची काळजी कोण घेईल? पाण्यात थुंकू नये, मलमूत्र टाकू नये, हे जुन्या स्मृतींनीच बजावले आहे. म्हणजे पावित्र्य आणि स्वच्छता यांची फारकत शास्त्रांनी केलेली नाही, ती सोयीने झाली. तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ नदीत उतरण्याची जागा. स्लॅबखालच्या नदीत उतरायचे कुठून?

पावित्र्याची कल्पना पाण्यापासून सुटली की काय होते, ते महाराष्ट्राने महाडला पाहिले आहे. चवदार तळे नगरपालिकेने 1924 मध्ये ठरावाने सर्वांना खुले केले होते. तरी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी तिथले पाणी घेतले तेव्हा तळे बाटल्याची ओरड झाली. तळ्यातूनच 108 घागरी पाणी काढून, त्यात पंचगव्य मिसळून ते पुन्हा तळ्यात ओतले गेले. तहानलेल्या माणसाचा हात अपवित्र ठरला. पाण्याच्या धर्माचा यापेक्षा मोठा पराभव कोणता?

म्हणून त्र्यंबकला पुण्याचे माप बदलायला हवे. गौतमांचा खड्डा त्यांच्या एकट्यासाठी नव्हता, आश्रमात येईल त्या प्रत्येकासाठी होता. आज ब्रह्मगिरीच्या उतारावर चर खणणे, झाडे जगवणे, डोंगर पोखरू न देणे, सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय गोदेत न सोडणे, ही कुशावर्तातल्या स्नानाच्या तोडीची कर्मे आहेत. पुरोहितांनी यजमानाला संकल्प सांगताना हेही सांगावे, त्यांचा शब्द लोक ऐकतात.

2026-28 चा सिंहस्थ आला आहे. घाट, रस्ते, वाहनतळ यांवर पैसा खर्च होईल. त्यातला पहिला वाटा डोंगरावरच्या पाड्यांना बारमाही पाणी देण्यासाठी काढावा, आणि दुसरा गोदावरीवरचे काँक्रीट हटवण्यासाठी.